अस्वलाच्या वाट्याचा मोह

आमच्या गावात मोहाची झाडं घरागणिक ठरलेली आहेत. एकाच्या झाडाखालची फुलं दुसरा वेचत नाही. ही फुलं खायला अस्वलंही येतात; काही झाडं त्यांच्यासाठी सोडली तर समोरासमोर गाठ पडणार नाही आणि अस्वलंही जगतील, असं वनरक्षकांनी सांगितलं. वनसमितीची सचिव म्हणून झाडं ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी त्याच संध्याकाळी बायकांना देवळासमोर बोलावलं; वनरक्षकही आले. प्रत्येकीने मोठ्या मनाने एकेक झाड दिलं: कुणी वाळलेलं, कुणी वीज पडलेलं.

शेजारच्या काकू भडकल्या. “अस्वलाले भीक देऊन राह्यल्या का वं? ते काय आंधळं हाय? ज्या झाडाखाली ते रोज येते, तेच लिहा!”

वनरक्षकांना हे फार पटलं. “कोणतं झाड ते?”

सगळ्या बायका काकूंकडे बघू लागल्या. नाल्याकाठचं ते झाड त्यांचंच होतं, आणि गावात सर्वांत जास्त फुलं त्यालाच येत. काकू जरा वेळ पदर सारखा करत बसल्या.

“दिलं,” त्या म्हणाल्या. “पण साहेब, त्याले बजावून सांगा. माझ्या दुसऱ्या झाडाखाली दिसलं, तर हे वापस घेईन.”

“सांगतो काकू,” वनरक्षक गंभीरपणे म्हणाले.