वहिनीचे ड्रॅगन

माझी वहिनी ड्रॅगनशी बोलायची. संगणकाच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यातून तो आत शिरला की ती खुर्ची पुढे ओढायची, पदर खोचायची आणि दारात पाहुणा यावा तसं म्हणायची, "ये बाप्पा, ये. लय दिसानं आला. आज तुये दातच मोजते मी." मग दुकानात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुणी का येईना, त्याला बाकावर बसून राहावं लागे. आमच्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक होतं. काहीजण तर मुद्दाम उठून तिच्या खुर्चीमागे उभे राहत.

दुकान मुळात दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. लाखांदूरला एसटी स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज. त्याच संगणकावर तो किल्ला बांधायचा एक खेळ खेळे. त्यात बुटक्या माणसांची टोळी डोंगर पोखरते, शेती करते, दारू गाळते, भिंती उभारते, आणि किल्ला चांगला भरभराटीला आला की त्याच्या वासानं ड्रॅगन येतो. दादाने बुटक्यांना आमच्या दिघोरीतल्या माणसांची नावं दिली होती. पोलीस पाटलाला दगड वाहायला लावलं होतं. वहिनीच्या नावाची बुटकी पहारेकऱ्यांची सरदार होती आणि स्वतः मोरेश्वर, म्हणजे दादा, साधा गवंडी. "घरात जे आहे तेच ठेवलं," असं तो म्हणायचा.

एका उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या दादाला वाघानं मारलं. तो वाकलेला होता आणि वाघ मागून आला, एवढंच सोबतच्यांना सांगता आलं. घरी आणलं ते कापडात घट्ट बांधलेलं होतं आणि जाणत्या माणसांनी वहिनीला ते सोडू दिलं नाही. पुढे पावसाळ्यानंतर तो वाघ भूल देऊन पकडला, पिंजऱ्यात घातला आणि दूर कुठेतरी नेला. अर्धं गाव बघायला धावलं. वहिनी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "पाहून काय करू, भाऊजी? मारला असता तं पाहाले गेली असती. पिंजऱ्यात त्याले रोज मटन भेटन."

नंतर तिनं दुकान उघडायचं ठरवलं. आईला ते फारसं रुचलं नव्हतं, पण वहिनीपुढे आमच्या घरात कुणाचं चालत नसे. घरी कोंबडं कापायचं असलं की आम्ही पुरुष काही ना काही काम काढून बाहेर पडायचो आणि ती विळी घेऊन बसायची. दुकानात तिला संगणकावर तो किल्ला सापडला, दादानं जिथं थांबवला होता तिथंच थांबलेला. मोरेश्वर गवंडी हातात दगड घेऊन अर्धवट भिंतीपाशी उभा होता. मी तिला खेळ शिकवला. आमच्याकडे जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि वहिनीनं ते किल्ल्यातही पाळलं. बाकी सगळे बुटके नावानं, मोरेश्वर तेवढा "हे"; "यांनी"चं तिच्या बोलीत "यायनं" व्हायचं आणि "यांना"चं "यायले". "हे जेवले. हे झोपले. यायनं उत्तरेची भिंत पुरी केली."

पहिला ड्रॅगन आला तेव्हा तिनं दरवाजा सताड उघडून सगळी फौज बाहेर काढली. त्यानं एकदाच तोंड उघडलं. गवत पेटलं, दाढ्या पेटल्या, ढाली तापून हाताला चिकटल्या. त्या खेळात प्रत्येक घावाची ओळ इंग्रजीत खाली उमटते. वहिनी पडद्यावर बोट ठेवून ती सावकाश लावायची आणि आपल्या बोलीत मोठ्यानं सांगायची. "पोलीस पाटलाची चरबी वितळली. पुजाऱ्याचा डावा डोया फुटला. आता पडला." तिच्या नावाची सरदारीण दरवाजातच कोळसा झाली. माझा चेहरा पाहून वहिनी हसली. "मेली तं मेली. मी बसली आहो न इथं जित्ती."

पण आग आतल्या वाटेनं शिरली तेव्हा तिचं हसू गेलं. मोरेश्वरला तिनं पळवत अगदी तळच्या खोलीत नेलं आणि दगडी दार लावून घेतलं. आग विझली, ड्रॅगन कंटाळून निघून गेला, मेलेले पुरले गेले. ते दार मात्र तिनं उघडलं नाही. आत पलंग, दारूचे पिंप आणि जेवण सरकवायला एक खिडकी करून दिली. "यायले काई नाई होऊ देत मी आता," म्हणाली.

पुढे वहिनीनं ड्रॅगन मारण्यात हात साफ केला. एकाला अरुंद वाटेत ओढून वरून उचलता पूल आपटला. त्याचा मागमूस राहिला नाही म्हणून ती नाराज झाली. "हाडं तं दिसले पायजे का नाई?" मग तिनं दरवाजाच्या वर मोठा तलाव खोदला आणि आपल्याकडच्या तलावांना असतं तसं तुडूम, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार, बसवलं. पुढचा ड्रॅगन वाटेत शिरला तसं तिनं तुडूम उघडलं. वाफ उसळली, तो भिंतींवर डोकं आपटत राहिला, एक शिंग मोडलं, आणि मग पाणी गप्प झालं. वहिनीनं तोवर पापणी हलवली नव्हती. बाकावरचे एक बुवा म्हणाले, "बाई, तू माणसात राहाचं सोडून कायच्या नादी लागली?" तिनं त्यांचा सातबारा छापून हातात दिला.

बुवांचं काही चुकलं नव्हतं. आईला तीच काळजी होती. वहिनी तरुण होती, मूलबाळ नव्हतं, आणि कारध्याहून एक चांगलं स्थळ आईनंच शोधलं होतं. माणूस बिजवर, धानाची शेती, स्वभावानं शांत. आई म्हणायची, "पोरी, आम्ही किती दिस पुरू तुले?" वहिनी ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी दुकानात मला म्हणायची, "मी गेली तं यायले कोण पाहीन?" हे ती चेष्टेत म्हणत नव्हती, हे मला कळायचं.

इकडे मोरेश्वर बिघडत चालला होता. कोंडलेला बुटका आतून सडतो, हे मला माहीत होतं. आधी त्यानं काम सोडलं, मग जेवण. एकदा त्यानं खिडकीतून हात घालून जेवण आणणाऱ्याचे दात पाडले. मग स्वतःचीच मूठ दारावर आपटून आपटून बोटं मोडून घेतली. वहिनी ओळ लावायची आणि मोठ्यानं न वाचता पुढे सरकायची. मी म्हटलं, "वहिनी, असा तो वेडा होऊन मरेल." ती म्हणाली, "बाहेर काय आहे, ठाऊक आहे न तुमाले?"

ड्रॅगनची भीती गेली तर ती दार उघडेल, असं मला वाटलं. एके दुपारी ती घरी जेवायला गेली असताना मी वाटेत पिंजऱ्याचे सापळे मांडले. या खेळातले जाणते तेच करतात. ड्रॅगन चालत येतो, खटका पडतो, आणि मग त्याला माणसाळवताही येतं. नशीब असं की त्याच दुपारी एक आला आणि अलगद आत गेला. वहिनी परतली तेव्हा मी फुशारकीनं पडदा तिच्याकडे वळवला.

तिनं वाकून पाहिलं. "कोनं ठेवला पिंजरा?"

"मी. आता कोणी मरत नाही. पोसा त्याला."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची सोडली. ती बसली, खेळात पिंजऱ्यापाशी गेली, मग तळच्या खोलीपाशी. पुन्हा पिंजऱ्यापाशी. पडद्यावर दोन चौकोन, दोहोंत एकेक जीव भिंतीला धडका देणारा. "वाघाले पिंजऱ्यात जित्ता ठेवला म्हनून मी जळून राहिली होती," ती म्हणाली, "अन् यायले तं मीच ठेवलं."

मग तिनं मोरेश्वरचं दार उघडलं. त्याला चिलखत दिलं, मोडक्या बोटांत घडाईचा जड हातोडा दिला, सगळी फौज मागे उभी केली आणि पिंजऱ्याचा खटका ओढला.

ज्वाळेनं पहिल्या झटक्यात पुढची रांग गेली. मोरेश्वरची दाढी पेटली, उजवा हात खांद्यापर्यंत जळाला. त्यानं हातोडा डाव्या हातात घेतला. वहिनी आता मोठ्यानं वाचत होती, एकही ओळ न सोडता. "यायनं त्याच्या गुडघ्यावर मारलं. हाड मोडलं. त्यानं यायले धरलं. पोटात दात गेले. यायनं डोळ्यावर मारलं. फुटला. परत मारलं. कवटीत गेला हातोडा." ड्रॅगन कोसळला. दोन ओळी सोडून मोरेश्वरही रक्त जाऊन मेला. वहिनीनं शेवटच्या ओळीवरचं बोट काढलं नाही. "समोरून लढले," ती म्हणाली. "पुरं पाह्यलं मी."

आणि ती रडली. दादा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. भर दुपारी, दुकानात, आधारकार्डाची प्रत काढायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईसमोर ती ओक्साबोक्शी रडली. बाईनं जवळ येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. मग वहिनीनं मोरेश्वरला दगडी पेटीत पुरलं आणि बाईचं आधारकार्ड यंत्रात घातलं.

कारध्याला होकार तिनं स्वतःच आईला कळवला. लग्न साधंच झालं, कन्यादान माझ्या आईनंच केलं. निघायच्या दिवशी गाडी दुकानापाशी थांबवून ती आत आली. मला वाटलं, मोरेश्वरची पेटी पाहायची असेल. तिकडे ती गेलीच नाही. कोठारं पाहिली, तलाव पाहिला, नव्या पहारेकऱ्यांचे भाले पाहिले. म्हणाली, "धान पुरते आहे. तुमी येत जा, भाऊजी, कारध्याले. अन् जेवत जा टायमावर." आणि गाडीत बसली.

गाडी वळली तसं मी शटर खाली ओढलं आणि आतल्या आत बसून रडलो, दादासाठीही रडलो नव्हतो इतका. दादा गेला तेव्हा आम्हाला सांभाळायला घरात वहिनी होती.