गुरुवारची अट

सुरुवातीलाच सांगते, या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर संध्याकाळच्या चहासोबत वाचायचे आणि खालच्या कॉमेंट्सना हसायचे. माझे सासरे अमावस्येला नवी वस्तू घरात आणू देत नाहीत, त्यावरून मी त्यांना इतकं छळलंय की आता ते माझ्यासमोर कॅलेंडरसुद्धा बघत नाहीत. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आता आहे का, ते मला नीट सांगता येणार नाही. पण दीड वर्ष झालं, हे कुणालातरी सांगायचंय... घरात सांगून झालं, आता तुम्हाला सांगते.

अमावस्या, पिंपळ, सुनसान रस्ता असलं यात काही नाही. जे झालं ते रबाळ्याच्या एमआयडीसीत, भर सकाळी, ट्यूबलाइटखाली झालं.

मी पंधरा वर्षं सर्व्हर सांभाळते. उलव्याहून कंपनीच्या बसने येते. कंपनी केमिकलची आहे, नाव लिहीत नाही. आमचं आयटीचं ऑफिस गेटच्या वरच्या मजल्यावर – खिडकीतून खाली बघितलं की पाळीला येणारी माणसं दिसतात. ठेकेदाराच्या कामगारांसाठी आम्ही मोबाइलवरचा गेट पास केला होता. कामगार फोनवर पेज उघडतो, आपला नंबर टाकतो, स्क्रीनवर हिरवा पास येतो, वॉचमन तो स्कॅन करतो. पास नाही तर प्रवेश नाही.

हे पेज ज्या सर्व्हरवर चालतं, त्याची एक सेटिंगची फाइल असते. तिच्यात अटी लिहायच्या असतात. जर अमुक ठिकाणाहून मागणी आली, तर तमुक पान दाखव. जर अमुक असेल, तर मनाई कर. फाइल वरून खाली वाचली जाते. माझ्याकडे एक शिस्त होती – प्रत्येक अटीच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, ही अट कुणी सांगितली, कधी आणि का. बाकी टीम मला यावरून हेडमास्तरीण म्हणायची. म्हणू देत.

तर, एका सोमवारी सव्वासात वाजता दारात एक माणूस उभा. डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलेलं, पस्तिशीचा असेल.

"मॅडम, माझा पास निघत नाय. तीन टायमाला दाबला, लालच येतंय."

हा हरेश. गोठिवलीचा, ठेकेदाराकडे टाक्या साफ करणाऱ्या टोळीत. चार वर्षं कंत्राटावर होता आणि कायम करायच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं, हे त्याने मला पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. कारण आठवड्यात तीन लेट मार्क पडले की ठेकेदार यादीतून नाव उडवायचा. पाळी सातची. म्हणजे एक मार्क पडलाच होता.

मी फाइल उघडली. मध्येच एक अट होती, जी मी लिहिली नव्हती. जर नंबर ४१७ असेल, तर मनाई. बस्स. ४१७ म्हणजे हरेश. वर कुणाचं नाव नाही, कारण नाही.

माझं डोकंच फिरलं. त्या फाइलला हात लावायची परवानगी दोघांनाच – मी आणि माझे साहेब, सावंत सर. मी अट काढली, सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावली, हरेशचा पास हिरवा झाला. सर आल्यावर त्यांना विचारलं.

"अगं, मला ते लिहिता येत असतं तर तुला कशाला ठेवली असती?" ते हसत म्हणाले. खरं होतं. सरांना अटीतला कंससुद्धा धड लावता येत नाही. मग मला वाटलं, ठेकेदाराने कुणाला तरी हाताशी धरलंय. यादीत दुसऱ्याचं नाव घुसवायचं असेल. मला असल्या लबाड्यांची मनस्वी चीड आहे. मी पासवर्ड बदलला. सरांनाही नवा सांगितला नाही.

मंगळवारी हरेश पुन्हा दारात.

अट परत आली होती. पण तीच नाही. आता लिहिलं होतं – जर नंबर ४१७ असेल, आणि वेळ सकाळी सात ते दुपारी तीनमधली असेल, तर मनाई. म्हणजे फक्त पहिली पाळी. मी ती काढली. रोजचा बॅकअप तपासला, तर त्यात असली अट कुठेच नाही. फाइल शेवटची कुणी बदलली, तर मीच, आदल्या दिवशी. हरेशला दुसरा लेट मार्क पडला.

बुधवारी मी हट्टाने लवकरची बस पकडली आणि पावणेसातलाच फाइल उघडली. अट होती. पुन्हा बदललेली. जर नंबर ४१७ असेल, आणि वार ४ असेल, तर मनाई. सर्व्हर रविवारला शून्य धरतो, म्हणजे ४ हा गुरुवार. त्या दिवशी बुधवार होता, त्यामुळे हरेशला काहीच अडलं नाही. खिडकीतून मी त्याला आत जाताना पाहिलं, त्याने वर बघून हात केला.

आज हे लिहिताना मला स्वच्छ दिसतं. आधी पूर्ण मनाई, मग फक्त पहिल्या पाळीला, मग फक्त गुरुवारी. कुणीतरी एकेक पायरी खाली उतरून मला विनवत होतं – बरं, रोज नको तर नको, निदान एवढा एक दिवस तरी. पण तेव्हा मला काय दिसलं? कुणीतरी माझ्या सर्व्हरवर माझी मस्करी करतंय. मी ती अट काढली आणि वर नाक उडवून सरांना म्हटलं, "उद्या बघतेच मी."

फोटो का काढला नाहीस, असं तुम्ही कॉमेंटमध्ये विचारणार, मला माहितेय. नाही काढला. मी ती अट कुणाला दाखवायची वस्तू मानलीच नव्हती. घाण दिसली, पुसली.

गुरुवारी सात वाजायला दहा मिनिटं असताना हरेश वर आला. पास लाल. फाइलमध्ये तीच अट, गुरुवारची. मी काढली, सेव्ह केलं, सर्व्हरला पुन्हा वाचायला लावलं. त्याने नंबर टाकला. लाल. मी फाइल परत उघडली... अट होती तिथेच होती. माझ्या डोळ्यांदेखत काढलेली. दुसऱ्यांदा काढली, पुन्हा तेच.

हरेश खुर्चीच्या मागे उभा राहून बघत होता. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळला असावा.

"मॅडम, र्‍हाऊ द्या," तो हळू म्हणाला. "आज मी घरी जातो. तीन दिस झाले, नको नको म्हनतंय ता."

"ता म्हणजे कोण?" मी उसळले. "हरेशभाऊ, मशीन आहे ते. त्याला कळतं का काही? आज गेलात तर नाव उडेल तुमचं. चार वर्षं कशासाठी घासलीत?"

"नाव गेला तर गेला. घरची पन सकाली बोलली, आज जीव लागत नाय, नका जाऊ."

"दोन मिनिटं थांबा. मी आहे ना!"

हे शब्द माझे आहेत. मी आहे ना.

मी ती अट काढायचा नाद सोडला आणि तिच्या डोक्यावर माझी स्वतःची अट लिहिली. जर नंबर ४१७ असेल, तर आत सोड, आणि इथेच थांब, खालचं वाचू नकोस. वर शिस्तीप्रमाणे ओळ टाकली – कुणी सांगितलं: अनघा. कारण: गुरुवारी पास अडतो. सेव्ह केलं. पास हिरवा झाला. सात वाजायला दोन मिनिटं होती.

हरेश क्षणभर त्या हिरव्या स्क्रीनकडे बघत राहिला. मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, हसला. "तुमच्यामुलं वाचला नाव," म्हणाला आणि जिना उतरला. मला इतकं बरं वाटलं त्या वेळी, की मी कॅन्टीनमधून स्वतःसाठी दुसरा चहा मागवला.

साडेदहाच्या सुमारास धोक्याचा भोंगा वाजला.

टाकी धुवायचं काम दुपारच्या पाळीत व्हायचं, ते त्या दिवशी सकाळी घेतलं होतं. टाकीच्या तळाशी वायू राहिलेला होता. हरेश पहिला उतरला. त्याला वर काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं. मी खिडकीतून ॲम्ब्युलन्स आत येताना पाहिली, आणि ती बाहेर जाताना तिचा आवाज बंद होता.

चौकशीला बाहेरचे दोन अधिकारी आले. कोण किती वाजता आत आलं, त्याची नोंद त्यांना हवी होती. मी सगळं सांगायचं ठरवलं. फाइल उघडली, त्यांच्यासमोर. गुरुवारची अट नव्हती. खाली कुठेच नव्हती. पूर्ण फाइलमध्ये ४१७ हा आकडा एकदाच होता – माझ्या अटीत, माझ्या नावाखाली.

"हा माणूस रोज येतच होता ना?" त्यातल्या वयस्कर अधिकाऱ्याने विचारलं. "मग ह्या एकट्याला आत सोडण्यासाठी वेगळा नियम का लिहिला तुम्ही?"

मी सांगितलं, त्याला अडवलं जात होतं. त्यांनी सर्व्हरची नोंदवही पाहिली. सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी, प्रत्येक वेळी नंबर ४१७ला मनाई झाल्याचं तिथे स्पष्ट होतं. वॉचमनलाही आठवत होतं. म्हणजे मी वेडी नाही. पण मनाई कशामुळे झाली, याचं उत्तर ना फाइलमध्ये, ना बॅकअपमध्ये. बाहेरून कुणी घुसलं होतं का, हेही तज्ज्ञ बोलावून बघितलं. कुणी नाही. अधिकाऱ्यांनी "तांत्रिक बिघाड" असं लिहून घेतलं. सावंत सर मला म्हणाले, "अनघा, तू मदतच करत होतीस. असा विचार नको करू." सर चांगले आहेत. पण मला विचार येतो, रोज येतो, आणि तो कुणाच्या सांगण्याने थांबत नाही.

तेराव्यानंतर हरेशची बायको त्याचा डबा आणि चपला न्यायला आली. संगीता नाव तिचं. वॉचमनकडे तिने पासवाल्या मॅडमची चौकशी केली आणि त्याने तिला वर पाठवलं. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. डब्याची पिशवी छातीशी धरून उभी राहिली. मी मनाची तयारी केली होती. ती शिव्या देईल, मारेल, जे करेल ते ऐकून घ्यायचं.

"मॅडम, ते घरी येऊन सांगत व्हते," ती म्हणाली, "गेटवर कोनतरी अडवतंय मना. चिडत व्हते त्याच्यावर. मी पन लय शिव्या घातल्या त्याला." तिचा आवाज फुटला. तिने पदराने तोंड पुसलं. "त्याला म्हाईत व्हता, मॅडम. त्यालाच म्हाईत व्हता. कोन हाय तो? मना नाव सांगा त्याचा. मना त्याच्या पाया पडायचं हाय."

मी म्हटलं, माहीत नाही. ते खरंच होतं, आजही माहीत नाही. त्याला आत कुणी सोडलं, ते मात्र मला माहीत होतं. ते तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.