फिरती काओर

वाईन ही ज्या मातीत जन्मते त्या मातीची आत्मकथा असते, असं जाणकार म्हणतात. आमच्याकडच्या बाटलीच्या आत्मकथेत मराठी घरांतल्या फ्रिजच्या डोक्यावर काढलेल्या दिवसांचंही एक प्रकरण होतं.

आपल्याकडे ब्लाउजपीस फिरतो तशी ती फिरली. माझ्या टीममधल्या एका पुणेकराने ती रॉटरडॅमच्या मित्राला नव्या घरासाठी दिली, मित्राने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्हाला. लाल वाईन आमच्यापैकी कोणीच पीत नाही. डच मॅनेजरने हार्लेमला घरी जेवायला बोलावलं तेव्हा बायकोने बाटलीवरची धूळ पुसली, नवा कागद गुंडाळला आणि काय न्यायचं हा प्रश्न मिटला.

बोलावणं मात्र साधं नव्हतं. माझा करार संपत आला होता आणि इथे राहण्याचा परवाना त्या कराराला बांधलेला. कोणाला कायम करायचं हे मॅनेजरच्या हातात आहे, असं ऑफिसात सगळे धरून चालत. तोही तसंच वागे.

कागद काढताच तो थबकला. बाटली दिव्याखाली धरून "काओर" म्हणाला, देवाचं नाव घ्यावं तसं. मग प्रवचन सुरू झालं. फ्रान्सचा नैऋत्य कोपरा, लोत नदीची वळणं, वर चुनखडीचं पठार, माल्बेक द्राक्ष. रंग इतका गडद की पूर्वी हिला काळी वाईनच म्हणत. बोर्दोची वाईन खानदानी, ही रांगडी. मी मान डोलावत होतो.

"हा मळा अगदी छोटा," तो म्हणाला. "मालक फक्त स्वतःच्या दारात विकतो. दर उन्हाळ्यात आम्ही कॅरॅव्हॅन घेऊन तिथे जातो, येताना एक खोकं आणतो. तुला कुठे मिळाली?"

आमच्या पुणेकराला ती कोणी दिली, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारायची गरज उरली नव्हती.

"एका दुकानात..." मी सुरुवात केली.

"अरे गाढवा," बायको मराठीत, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून म्हणाली, "दुकानात मिळत नाही असं आत्ताच सांगितलं ना त्याने!" आणि इंग्रजीत तिने पुणेकरापासून आमच्यापर्यंतचा सगळा प्रवास त्याला सांगून टाकला.

त्याने बाटली फिरवून लेबल पुन्हा वाचलं.

"तीन घरं. आणि कोणीच उघडली नाही?"

"जपून ठेवायची वाईन वाटली," बायको म्हणाली.

"बरोबर आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "हिला वेळ द्यावा लागतो."

त्याने बूच काढलं. त्याला प्लम आणि जुन्या चामड्याचा वास आला. मला कच्चं जांभूळ आणि पानातला कात आठवला. जीभ टाळूला चिकटली. जेवण संपेपर्यंत तो कामाबद्दल अवाक्षर बोलला नाही. परतीच्या ट्रेनमध्ये स्लोटरडाइक स्टेशन येईपर्यंत आम्ही दबक्या आवाजात भांडलो.

"खरं सांगायची काय गरज होती?"

"मग काय, मळ्याचा मालक तुझा मामा आहे म्हणून सांगायचं होतं?"

पुढचा आठवडा मी मेल उघडताना श्वास रोखून काढला. शेवटी करार आला, कायमचा. त्यावर सही मॅनेजरची नव्हती. तो अधिकार त्याला कधीच नव्हता.