ताईची रिकामी बशी

आमच्या ताईला प्रयोगशाळेत सगळे 'चिमटा' म्हणतात. हातात कायम चिमटा आणि बोलणंही तसंच! अकरा वर्षं ती समुद्रतळाचा गाळ डोळ्यांत तेल घालून बघतेय. मी त्याच खोलीत काचेची भांडी धुते आणि तिची बोलणी खाते.

त्या सकाळी सगळ्यात खोल दरीतला गाळ आला होता. दहा किलोमीटर खालचा, जेमतेम पाच चमचे. तिथवर प्लास्टिक पोचलंय का, एवढंच शोधायचं होतं. त्यासाठी नियम कडक: अंगावर फक्त सुती कपडे. पण हीटर बंद पडलेला, आणि ताई दोन दिवस खोकत होती. "कोटाच्या आत कोण बघतंय?" म्हणत मीच विणलेला लाल स्वेटर तिच्या अंगात चढवला. लोकर स्वस्तातली, म्हणजे प्लास्टिकचीच. अवदसा आठवली मला, दुसरं काय!

तासाभराने ताई सूक्ष्मदर्शकावरून मान वर करेना. मी डोकावले. गाळात एक लाल धागा होता, केसाहून बारीक.

माझी तर पाचावर धारण बसली. धागा स्वेटरचा निघाला तर गाळ बाद आणि ताईची नोकरीही गेली. "उचल आणि दे टाकून," मी कुजबुजले.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ती उठली आणि थेट साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, गाळात लाल धागा सापडलाय. आणि मी आत स्वेटर घातलाय."

गाळाशेजारी नेहमी नुसत्या पाण्याची एक बशी उघडी ठेवतात. खोलीत जे उडतं ते तिच्यातही पडतं. साहेबांनी ती भिंगाखाली घेतली. मग स्वेटरचा धागा आणि गाळातला धागा, कशाचे आहेत ते सांगणाऱ्या यंत्राला लावले. वीस मिनिटं ताई जागची हलली नाही. माझे हात साबणात तसेच.

"बशी स्वच्छ आहे," साहेब म्हणाले. "आणि हा नायलॉन आहे, स्वेटरचा नाही. खालूनच आलाय. पण पुन्हा स्वेटर घातलात तर घरी बसवीन."

माझा जीव भांड्यात पडला. ताई मात्र खुर्चीत बसून रडायलाच लागली. आई गेल्यानंतर तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"माझाच असता तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली. "नोकरी गेली असती, पण ती एक जागा तरी वाचली असती."

मला भयंकर राग आला, कोणाचा ते कळेना. तिचा स्वेटर ओढून घेतला. "आग लागो याला! आत्ताच्या आत्ता फेकून देते."

ताईने नाक पुसलं. "कुठे फेकणार?"

कचऱ्याचा डबा पायाशीच होता. मी स्वेटर हातात धरून तशीच उभी राहिले.