एकशे शहात्तर ते एकशे त्र्याण्णव

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा धुळ्यात आमचं एक वाचकमंडळ होतं. वाचक त्यात क्वचितच सापडायचा, मंडळ मात्र पक्कं होतं. महिन्यातून एका रविवारी आम्ही एका वकिलांच्या दिवाणखान्यात जमायचो. वकील, एक निवृत्त इंजिनिअर, एक होमिओपॅथ डॉक्टर, चिवड्यापुरते येणारे दोघं-तिघं आणि मी. मी जळगावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचो आणि या बैठकीसाठी सकाळची एसटी धरून यायचो. साहित्यप्रेमापोटी येतो असं मी सांगत असे. खरं म्हणजे जळगावात माझं ऐकून घेणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या वर्षी वकिलांच्या भाच्याने पुण्याच्या फुटपाथवरून एका अमेरिकन कादंबरीकाराचं पुस्तक आणलं. लेखक हयात होता आणि तिकडे त्याचं बरंच नाव होतं म्हणे. प्रत एकच. ती प्रत्येकाने पंधरा-पंधरा दिवस ठेवायची, शेवटी वकिलांकडे द्यायची आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या बैठकीत सगळ्यांनी मतं मांडायची, असं ठरलं.

मतं काय, बैठकीआधीच तयार होती. इंजिनिअर म्हणाले, "त्या लोकांकडे कुटुंबसंस्थाच राहिलेली नाही." दोन महिन्यांपूर्वी एका रशियन पुस्तकावरही त्यांनी हेच ठोकून दिलं होतं. आणि ही कादंबरी तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका बापाची आणि त्याने घराबाहेर काढलेल्या मुलाची होती! डॉक्टरांना लेखकाची शैली आवडली, फक्त प्रकृती जरा उष्ण वाटली. वकिलांनी मागच्या कव्हरवरच्या मजकुराचं मराठी करून म्हणून दाखवलं, आणि ते स्वतःचं वाटावं म्हणून मधे दोनदा डोळे मिटले. इंजिनिअर सगळं इतिवृत्ताच्या वहीत वळणदार अक्षरात उतरवून घेत होते. मला त्या सगळ्यांची कीव येत होती. खोटं कशाला सांगू, कीव नव्हती, तुच्छता होती, आणि ती मला फार सुखाची वाटत होती.

मग मी उभा राहिलो. मी पुस्तक खरंच वाचलं होतं. एके ठिकाणी दारावर थाप पडते, म्हातारा बाप उठतो, दार उघडायला हात पुढे करतो, आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. समोरच्या पानावर बघावं तर मुलगा टेबलाशी बसून जेवतो आहे. मधलं काहीच नाही. त्या तुटलेल्या वाक्यावर मी चाळीस मिनिटं बोललो. समेट शब्दांत मावत नाही, लेखक तिथे भाषेलाच थांबवतो, हे मौन फक्त मोठ्या कलावंतालाच पेलतं, वगैरे. डॉक्टरांनी मान डोलावली.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, "सर, मधली सोळा पानं तुमच्याकडे राहिली का?"

ही वकिलांची थोरली बहीण. साक्रीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवायच्या, सुट्टीत भावाकडे आल्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांनी पुस्तक पुढे करून दाखवलं. एकशे शहात्तरनंतर थेट एकशे त्र्याण्णव. सोळा पानांचा एक अख्खा फर्मा बांधायचाच राहून गेला होता. बाकीच्यांच्या ते लक्षात न येणं साहजिक होतं, ते तिथवर गेलेच नव्हते. तिसाव्या पानावर चिवड्याचा तेलकट डाग होता, त्यापुढे पानं कोरी करकरीत. फक्त समासात बारीक पेन्सिलीने शब्दांचे अर्थ लिहिलेले होते, अगदी शेवटच्या पानापर्यंत. ती पेन्सिल अक्कांची होती.

"बाइंडिंगचा दोष," इंजिनिअर म्हणाले आणि ते लिहून घेऊ लागले. मी तरीही निसटायला बघितलं. दोष असला तरी परिणाम साधतोच, असं काहीतरी पुटपुटलो. अक्का ऐकत नव्हत्या.

"पण बाप काय बोलला असेल सर?" त्यांनी विचारलं.

मी निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. आत सगळ्यांसमोर पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई तिथे एकदम घरच्या बोलीवर आल्या. "पोर्‍या सुरतले निंघी गया, सर. दोन दिवाया व्हई गयात. मी त्याले चार लोकस्मा सांगं, तू माले मरी गया. आते त्याले काय लिखू? त्या बापनी काय सांगं, ते माले पाहिजे."

चारचौघांत 'तू मला मेलास' म्हटलेल्या त्या पोरासाठी त्यांच्या पिशवीत कोरं आंतर्देशीय पत्र होतं. वर फक्त मुलाचं नाव लिहिलेलं. मी पानं मिळवून देतो म्हणालो, आणि आयुष्यात प्रथमच लाजेखातर एखादं काम केलं. मुंबईतल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मागे लागलो. त्याने कुठल्याशा ग्रंथालयातून सोळा पानांची झेरॉक्स काढून पाठवली, त्यात दोन महिने गेले. साक्रीला पोस्टात टाकण्याआधी ती मी वाचली आणि भारावून गेलो. काय तो संयम!

जानेवारीअखेर कॉलेजच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं.

"आदरणीय सर, सा. न. पानं मिळाली. डिक्शनरी घेऊन वाचली. त्यातला बाप सोळा पानं हवामानाविषयी आणि गाडीच्या टायरविषयी बोलतो. माफी मागत नाही. लेखकाला ते जमलं नसावं. पानं लवकर येईनात, म्हणून मी आधीच मुलाला लिहून टाकलं होतं, की चूक माझी होती, तू घरी ये. चार ओळी झाल्या. मुलगा संक्रांतीला आला, आठ दिवस राहिला. आपण घेतलेल्या त्रासाबद्दल आभारी आहे. कळावे."

पुढे मंडळ बंद पडलं आणि इतिवृत्ताची वही कशी कोण जाणे माझ्याकडे आली. त्या रविवारचं माझं मत त्यात अडीच पानं भरून आहे, मौन, कलावंत, सगळं जसंच्या तसं. त्याखाली इंजिनिअरांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ आहे: "एका भगिनीने बाइंडिंगविषयी शंका विचारली. आभारप्रदर्शनानंतर बैठक संपली."