चाळीसातली बारा

माझी अपेक्षा वाईट मुलगी नाही, असं मी दोन दिवस स्वतःला समजावते आहे. तरी एक भीती मनातून जात नाही. चूक कळूनही ती गप्प बसू शकते, आणि वर शांत झोपू शकते.

हिशेबात ती पहिल्यापासून हुशार. माण गावातल्या आमच्या खोल्या भाड्याने द्यायला लागलो तेव्हा ती नववीत होती. वडिलांना सांगायची, "एकटा ड्रायव्हर आला तर डिपॉझिट दुप्पट घ्या, बाबा. असेच पळून जातात." एका ड्रायव्हरने दारातच विचारलं, "मी काय केलंय?" ही म्हणाली, "तुम्ही काही नाही हो. तुमच्यासारखे करतात." घरात त्या उत्तराचं फार कौतुक झालं.

पुढे तिने संख्याशास्त्र घेतलं. विम्याच्या गणिताच्या परीक्षांपायी मैत्रिणींची लग्नं चुकवली. आता एका विमा कंपनीत ती हप्ते ठरवते. शंभरात किती जणांचं नुकसान होतं ते बघायचं आणि त्यावरून प्रत्येकाने किती भरायचं ते काढायचं.

यंदा तिच्याकडे मेंढ्यांचा विमा आला. कंपनीच्या माणसांनी गावोगाव विचारून आणलं होतं, कळपात किती आणि वर्षात मेली किती. त्यावरून तिने दर काढला. यापुढे प्रत्येक मेंढीच्या कानाला बिल्ला लागेल आणि प्रत्येकीमागे हप्ता.

"आई, तुझ्या माहेरची मेंढरं फारच मरतात गं," जेवताना ती म्हणाली. "माले गावचा तो पिराजी बघ. चाळीसातली बारा!"

"चाळीस? अगं, पिराजीकाकांची शंभरावर आहेत. धनगर कळपाचा आकडा कधी खरा सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. लहानपणी मी विचारलं की काका म्हणायचे, 'हायेत चार-दोन. तुला काय कापायचीत व्हय?' मेलेल्यांना कुठली दृष्ट! ती सगळी सांगितली असणार."

"माहितीये. आमच्या माणसांनी काढलेल्या फोटोंत कळप मोठे दिसतात."

"मग?"

"मग काय? खोटं त्यांनी सांगितलं. मी कशाला निस्तरू? सोमवारी दर मंजूर होतोय. आता उकरलं तर माझी बढती अडकेल."

"एवढा हप्ता ते कुठून भरणार?"

"नको घेऊ देत विमा. कुणी जबरदस्ती केलीये?" तिने दह्याची वाटी पुढे ओढली.

गप्प राहण्याचीही किंमत तिने काढली असणार. ती पिराजीकाकांनी भरायची आहे, म्हणून तिला स्वस्त वाटली.

तिच्या साहेबांना मी सांगून काय होणार? काकांनीच सोमवारच्या आत कंपनीच्या माणसांना बोलावून, त्यांच्यासमोर कळप मोजून द्यायला हवा. तोंडाने, मोठ्याने. ते आधी माझ्यावरच खेकसतील. मग विचारतील, "दर कुनी लावला, पोरी?" तेव्हा मला माझ्या लेकीचं नाव घ्यावं लागेल.

काका उजाडताच मेंढरं बाहेर काढतात. त्याआधी मी त्यांना फोन करणार आहे.