आंदणाच्या यादीतली सखी

"ठेव तिथं."

तिथं म्हणजे हैदराबादेत कोठी भागात, माझे मार्गदर्शक असलेल्या सरांच्या घराच्या ओसरीवर, लाकडी स्टुलावर. मी प्रबंधाचं प्रकरण स्टुलावर ठेवायचं, चार पावलं मागे सरायचं, मग ते उचलणार. पाच वर्षांत एक कागद हातातून हातात गेला नाही. आणि माझा विषय काय? निजामाच्या राज्यातली गुलामगिरी आणि तिचा शेवट. लिहिताना मी 'गुलाम' लिहायचो, सर खोडून 'आश्रित' करायचे.

एकदा चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "विषय मुद्दाम यालाच दिला. सगळी सामग्री याच्या घरातच आहे."

पाहुणे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबईकडे जाणार, म्हणून सरकारी दफ्तराच्याही वाटण्या सुरू झाल्या. जुने कागद कापडात बांधलेले असतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. मराठी जिल्ह्यांचे रुमाल वेगळे काढायचे, निकामी कागद रद्दीत टाकायचे. देखरेख सरांची. मोडी वाचता येते म्हणून राबायला मी.

एका रुमालात जुन्या दाव्याचा कागद निघाला. नवरी लग्नानंतर वर्षात मेली, तेव्हा तिच्या बापानं आंदण परत मागितलं होतं. सोबत यादी.

तांब्याचं घंगाळ एक. समया दोन. सखी, महाराची पोर, गोठ्याच्या कामाला, वय बारा. गाय वासरासह.

नवरीच्या सासरचं गाव आमचं. सही नवरीच्या बापाची, म्हणजे सरांच्या आजोबांची.

सखी म्हणजे माझ्या आईची आजी. आई सांगायची, ती लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर आली. मला वाटायचं, कामाला आली असेल. तिला दिली होती. घंगाळासारखी दिली आणि घंगाळासारखी परत मागितली.

रुमाल बांधणाऱ्या म्हाताऱ्या दफ्तरीनं माझं तोंड पाहिलं. "क्या हुआ मियाँ? घर का कागज निकला क्या?"

"हौ," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात आईनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, घरातले देव मुसी नदीत सोडले होते. माझ्या अंगातही भीती फारशी उरली नव्हती. मी कागद नोंदवहीत चढवला, नक्कल करून प्रबंधाला जोडली.

दुसऱ्या दिवशी ती नक्कल वाचून सर दफ्तरात आले. चेहरा पांढराफटक.

"हा घरगुती कागद आहे. रद्दीत टाक. उद्या प्रबंधावर सही करतो."

मी कागद हातातच धरून ठेवला.

"अरे, दे इकडे!" त्यांनी हात पुढे केला. तळहात उघडा, माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर. घराण्याची अब्रू जायची वेळ आली तेव्हा विटाळ कुठे गेला, मला कळेना.

"देणार नाही. यादी राहील. सहीसकट."

"मग पदवी विसर."

पदवी मिळाली नाही. शाळेत मास्तरकी करतो. विसरलो मात्र काहीच नाही.

येत्या रविवारी नामपल्लीत सरांचा सत्कार आहे. जुन्या विद्यार्थ्यांनी दोन शब्द बोलायचे आहेत, त्यांत माझंही नाव आहे. मी यादी वाचणार. घंगाळ, समया, सखी, गाय. खालचं नाव आडनावासकट. पाहुण्यांसमोर. मग ती नक्कल सरांपुढे धरणार. घ्यायची तर माझ्या हातातून घ्यावी लागेल.

नाही घेतली, तर पुन्हा पहिल्यापासून वाचणार.